ग्रंथ आणि बोली : काही वार्ता, काही नवलाच्या गोष्टी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारिणीने यंदा आमच्यावर जे काम सोपविले ते वास्तविक एखाद्या प्राध्यापकाचे होते. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशाच्या प्रशिक्षणास गेलो आणि सारी हयात खेड्यांतील प्राथमिक शाळांत घालविली. परंतु चिटणिसांचे म्हणणे असे पडले की, वधूवर-परिचय, वसतिगृह आणि शिष्यवृत्त्या या विषयांवर दरवर्षी भाषणे होतातच. एक वर्ष पुस्तकांविषयी आणि भाषेविषयी ऐकण्यास समाज तयार आहे. समाज तयार आहे की नाही हे मंडपातील मागच्या रांगा थोड्याच वेळात सांगतील. आम्ही मात्र आमच्या परीने तयारी करून आलो आहोत. वर्तमानपत्रांची कात्रणे, ग्रंथालयातील वाचन आणि आठवडी बाजारात कानी पडलेले शब्द यांतून जे वेचले गेले ते आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम मोठी वार्ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांनाही तो मिळाला. तमिळ भाषेला हा मान २००४ साली मिळालेला होता. म्हणजे आपण वीस वर्षे मागून आलो. मराठीचा दावा सिद्ध करण्यासाठी राज्य शासनाने २०१२ साली रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती व तिने पुरावे गोळा करून अहवाल दिला होता. मराठी ही ज्ञानेश्वरांच्या काळी एकाएकी जन्मास आली नाही, तिच्या पाठीशी महाराष्ट्री प्राकृताची दीर्घ परंपरा आहे, असा त्या दाव्याचा गाभा. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती याच प्राकृतात आहे. आपल्या विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांपैकी दुसऱ्या प्रवरसेनाने सेतुबंध नावाचे काव्य रचिले तेही याच भाषेत. आणि आता अमरावती जिल्ह्यात, महानुभावांच्या रिद्धपुरास, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पुण्यामुंबईकडे न जाता ते वऱ्हाडात आले याचे आम्हांस विशेष समाधान वाटते. ते का, हे सांगण्याची या मंडपात आवश्यकता नाही.

परंतु अभिजातपणाचे पुरावे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पवनीस आपल्यापैकी पुष्कळांची सोयरीक आहे. लग्नकार्यास जाताना आपण तेथील जुना तट आणि खंदक पाहतो आणि मोटार पुढे जाते. १९६९-७० साली डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी तेथील टेकड्यांचे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एक भला मोठा बौद्ध स्तूप बाहेर आला. त्याच्या दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत लेख कोरलेले होते. भाषा प्राकृत. आणि मजकूर काय, तर बहुतांशी ज्यांनी बांधकामास दान दिले त्यांची नावे! आपल्या या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची यादी छापलेली असते आणि प्रत्येक जण प्रथम तीच पाने उघडतो, त्याचे नवल करू नये. आपल्या जिल्ह्यात ही चाल दोन हजार वर्षांची आहे. फरक इतकाच की, त्यांची यादी दगडावर होती म्हणून टिकली.

त्याच पवनीत भगदत्त नावाच्या भार राजाचा पादुकांचा शिलालेख सापडला आणि महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचे नाव धारण करणारा एक स्तंभही मिळाला. हे दोन्ही लेख विद्वानांसमोर मांडणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी होते. रुपिअम्म हे नाव पाहिले तर ते ना संस्कृत वाटते ना मराठी. हा क्षत्रप परकीय वंशाचा. वैनगंगेच्या काठी परकीय क्षत्रपांची सत्ता पोहोचली होती, ही गोष्ट त्या एका नावाच्या अक्षरांवरून उमगते. भाषेच्या अभ्यासकाला नावे किती उपयोगी पडतात याचा हा नमुना समजावा.

नावांचाच विषय निघाला म्हणून आपल्या जिल्ह्याच्या नावाचे पाहू. 'भाणा' म्हणजे पितळेचे भांडे, भांड्यांचे गाव म्हणून भंडारा, अशी व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथील पितळी भांड्यांचा लौकिक मोठा असल्यामुळे ती पटतेही. परंतु छत्तीसगडातील रतनपूर येथे कलचुरी राजा जाजल्लदेव याचा इ. स. १११४ चा शिलालेख आहे. त्यात त्याच्या आसपासच्या मांडलिक प्रदेशांच्या नावांत वैरागड आणि लांजी यांच्या जोडीस 'भाणार' हे नाव येते. म्हणजे आज आपण ज्या नावाने बसचे तिकीट मागतो ते नाव नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने दगडात कोरविले होते. आमचे मत विचाराल तर शिलालेखाचा पुरावा वजनदार आहे. भांड्यांची गोष्ट लोकांनी मागाहून जोडली असावी. लोक नावाचा अर्थ हरवला की नवा अर्थ घडवितात, ही त्यांची जुनी खोड.

या खोडीचे ताजे उदाहरण 'मामा तलाव' हे आहे. मालगुजारी नष्ट झाली १९५१ साली. सरकारी कागदांत त्या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' असे लांबलचक नाव पडले. कोणा कारकुनाने त्याची आद्याक्षरे घेऊन 'मा. मा. तलाव' असे लिहिले असेल, आणि आता गावोगावच्या मुलांना वाटते की, हा कोणा मामाचा तलाव आहे! दोन पिढ्यांत कागदावरच्या टिंबांचे नाते झाले. आणखी शंभर वर्षांनी या मामाची समाधीही कोणी दाखवील.

संस्कृत नाटककार भवभूती आपलाच, असे म्हणण्यास आधार आहे. त्याने स्वतःच्या नाटकाच्या प्रस्तावनेत आपले मूळ गाव दक्षिणापथातील, विदर्भातील पद्मपूर असल्याचे सांगितले आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे प्रतिपादन मिराशींनी केले. आमगाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. पण १९९९ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होते, तेव्हा भवभूतीवरील आपला निम्मा हक्क कायम राहतो. आमगावच्या महाविद्यालयास त्याचे नाव दिलेले आहे. त्याच्या उत्तररामचरिताचे मराठी भाषांतर परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात केले. ते आपल्या ग्रंथालयांत असावयास हवे.

मुकुंदराजाचा वाद मात्र आम्ही येथे मिटवू इच्छीत नाही. विवेकसिंधु हा ग्रंथ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा, असे परंपरा मानते. तसे असेल तर तो ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा ठरतो. तो लिहिला गेला कोठे? मराठवाड्यातील मंडळी अंबेजोगाई सांगतात. तेथे मुकुंदराजाची समाधी आहे. आपल्याकडील मंडळी वैनगंगेच्या संगमावरील आंभोरा सांगतात. तेथे त्याच्या परंपरेतील हरिनाथांची समाधी आहे. ग्रंथाच्या कालाविषयीही विद्वानांत एकमत नाही. आंभोरा नदीच्या पलीकडे, कुही तालुक्यात, म्हणजे नागपूर जिल्ह्यात मोडते. पण अलीकडच्या काठावर भंडारा जिल्हा आहे आणि आता तेथे मोठा पूल झाल्यामुळे रविवारी दोन्ही काठांची गर्दी एक होते. पूल पाहण्यास जाणाऱ्यांनी वर टेकडीवर जाऊन मुकुंदराजाचे नाव तरी मुलांना सांगावे, एवढीच आमची अपेक्षा.

भंडाऱ्याचे नाव मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथातही आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेले निळभट्ट भांडारेकार यांचा वृत्तान्त येतो. भांडारेकार म्हणजे भंडाऱ्याचे. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतील 'सकळ' लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह वापरलेले असे. त्यामुळे शेकडो वर्षे हे मराठी गद्य मठांबाहेरच्या मराठी माणसालाच वाचता येत नव्हते! विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, आणि आपल्या भाषेला आपलाच ठेवा सापडला. कुलूप लावणाऱ्यांनी ठेवा सांभाळला, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल. कुलूप नसलेले पुष्कळ ग्रंथ त्याच काळात नाहीसे झाले.

आता बोलीकडे वळतो. आज आम्हांस मुख्यत्वे बोलावयाचे ते याच विषयावर.

आपल्या घरांतील मुले नागपूर-पुण्यास शिकावयास जातात, तेव्हा वसतिगृहात त्यांच्या बोलण्याची टिंगल होते. 'मला' म्हणावयाच्या ठिकाणी 'मले' आले, 'पाणी'चे 'पानी' झाले, 'डोळा'चा 'डोरा' झाला की, हशा पिकतो. मुलगा सहा महिन्यांत बोली टाकतो. सुटीत घरी आला की, आजीशी तुटक बोलतो, आणि आजी आपणहून गप्प बसते. असली घरे या मंडपात किती आहेत हे आम्ही विचारणार नाही. परंतु टिंगल करणाऱ्यांस आणि टिंगलीने दबणाऱ्यांस दोघांसही चार गोष्टी ठाऊक असाव्यात म्हणून सांगतो.

'ळ' हे अक्षर घ्या. ते न येणे हे अडाणीपणाचे लक्षण मानतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ळ' आहे. परंतु कालिदास-भवभूतींच्या संस्कृतात तो नाही. म्हणजे 'ळ' नाही म्हणून भाषा अशुद्ध म्हणावयाची असेल तर प्रथम कालिदासाची वही तपासावी लागेल! हिंदीतही तो नाही. मराठीच्या बोलींनी या अक्षराची वेगवेगळी सोय लाविली. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, आपल्या झाडीपट्टीत 'र' होतो. आपण 'लाखोळी'ला 'लाखोरी' म्हणतो त्यात हाच नियम आहे. नियम म्हटला याकडे लक्ष द्यावे. चूक ही कशीही होते. जे सदैव एकाच रीतीने होते त्यास व्याकरण म्हणतात.

'ण'चा 'न' करण्याविषयीही मौज आहे. जुन्या प्राकृत व्याकरणकारांनी पैशाची नावाच्या भाषेचे एक लक्षण असे सांगितले आहे की, तीत 'ण'च्या जागी 'न' येतो. गुणाढ्याची बृहत्कथा त्या भाषेत होती, असे सांगतात. मूळ ग्रंथ मात्र आज उपलब्ध नाही. यावरून आपण पिशाचांची भाषा बोलतो असे कोणी समजू नये. सांगावयाचे ते इतकेच की, व्याकरणकारांनी या उच्चाराची दोन हजार वर्षांच्या परंपरेत नोंद घेतली, त्याची टवाळी केली नाही.

सर जॉर्ज ग्रियर्सन या आयरिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील भाषांची पाहणी केली. तिचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याची युक्ती सोपी होती. बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट त्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून स्थानिक बोलीत लिहवून मागविली. गोष्ट एकच असल्यामुळे शब्द आणि रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहता आली. पुढे काही बोलींच्या ध्वनिमुद्रिकाही करविल्या गेल्या. साहेबाने आपल्या बोलींकडे लक्ष द्यावे आणि आपण त्यांस लाजावे, हे काही बरे नव्हे. अलीकडे डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले व त्याचा महाराष्ट्राचा खंड २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. आणि आपल्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला. झाडीबोलीची साहित्यसंमेलने तीन दशकांहून अधिक काळ भरत आली आहेत. ती मोठ्या शहरांत भरत नाहीत, खेड्यांत भरतात. मंडईतील दंडार आणि खडी गंमत ज्या अंगणात रंगते त्याच अंगणात कविसंमेलन होते, हे आम्हांस त्यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

आपल्या समाजातील पुष्कळ घरे धानाची शेती करणारी. पश्चिमेकडील माणसास 'भात' हा एकच शब्द पुरतो. शेतातही भात आणि ताटातही भात. आपणांस तो पुरत नाही. आपल्याकडे शेतात धान असते, ताटात भात असतो. धान पेरले की पऱ्हे होतात, ते उपटून रोवणी करावयाची. शेत म्हणजे नुसते शेत नव्हे, त्याच्या बांध्या. दोन शेतांमध्ये धुरा. धान कापून पसरले की त्या कडपा, रचून ठेवले की पुंजणे, मळून झाले की उरते ते तणीस, आणि कांडपातून निघतो तो कोंढा आणि कनकी. पाणी लहान असेल तर बोडी, मोठे असेल तर तलाव. आणि ते पाळीपाळीने शेतांस देणारा पाणकर. ही शब्दांची रास कोणा पंडिताने बसून केली नाही. ज्याला त्या त्या वस्तूचे काम पडले त्याने तिला नाव दिले. आता कापणीचे यंत्र शेतात उतरते, एका फेरीत धान कापून मळून पोत्यात भरते. त्याबद्दल तक्रार नाही. पाठीचे कष्ट वाचले. परंतु ज्या शेतात कडपा पडत नाहीत आणि पुंजणे रचले जात नाही, त्या शेताच्या मालकाच्या मुलाला हे शब्द कोठून येणार? वस्तू गेली की दहा वर्षांत शब्द जातो. तो जाताना आवाजही करीत नाही.

स्वयंपाकघरातील एक गंमत सांगून जातो. आपण कोथिंबिरीस सांबार म्हणतो. आपल्या एका विद्यार्थ्याने पुण्याच्या भाजीबाजारात पाच रुपयांचा सांबार मागितला, तेव्हा भाजीवालीने त्यास शेजारच्या मद्रासी उपाहारगृहाची वाट दाखविली. तो पोटभर इडली खाऊन परत आला; कोथिंबीर राहिलीच.

शब्दकोश कसे होतात याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. इंग्रजीचा ऑक्सफर्ड येथील महाकोश १८८४ ते १९२८ एवढ्या काळात भागाभागांनी निघाला. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी सामान्य वाचकांस आवाहन केले की, आपण जे पुस्तक वाचाल त्यातील शब्द, वाक्यासह, चिठ्ठीवर उतरून आमच्याकडे पाठवा. लक्षावधी चिठ्ठ्या आल्या. सर्वांत मोलाच्या चिठ्ठ्या पाठविणाऱ्यांपैकी एक डॉ. मायनर हे होते. ते वेडाच्या भरात एका माणसाची हत्या केल्यामुळे वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त असलेले अमेरिकन शल्यवैद्य होते. खोलीत पुस्तके रचून त्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले. त्या महाकोशात आपला एक शब्द ऐटीत बसला आहे. आपले मुंगूस तेथे 'मंगूज' होऊन गेले. तो शब्द मराठीतून आल्याचे कोशकार मान्य करतात.

आपल्याकडे यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. त्यांत अनेक शब्दांपुढे 'व.' आणि 'ना.' अशी खूण आढळते. म्हणजे हा वऱ्हाडातला, हा नागपुराकडला. कोणीतरी त्या वेळी आपल्याकडचे शब्द लिहून कळविले, म्हणून ते कोशात आले. डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या ज्ञानकोशाची तर मंडळीच मुळात नागपुरास स्थापन झाली होती. केतकरांनी गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले आणि तेवीस खंड पुरे केले. हल्ली आपल्या एका लग्नाच्या रोषणाईत ज्ञानकोशाच्या पुष्कळ प्रती विकत घेता येतील. पण तो विषय कार्यकारिणीने आम्हांस दिलेला नाही.

मारुती चितमपल्लींचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. सोलापुरात १९३२ साली जन्मलेला हा वनाधिकारी नवेगावबांधला आला आणि तेथील तलावाचा, पाखरांचा आणि माणसांचा होऊन राहिला. पक्ष्यांची इंग्रजी नावे पुस्तकांत होती. मराठी नावे मात्र कोळ्यांच्या, गोंडांच्या, गुराख्यांच्या तोंडी होती. ती त्यांनी विचारून विचारून लिहून घेतली आणि पुढे पक्षिकोश सिद्ध केला. कावळ्यांची एकत्र वस्ती असते तिला 'काकागार' यासारखे शब्दही त्यांनी रूढ केले. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते निवर्तले. जंगलातील ज्या माणसांनी त्यांस शब्द दिले त्यांच्यापैकी बहुतेकांस आपण शब्द देत आहोत याची कल्पनाही नसेल. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' झाले. त्यानंतर शासनाने जी आणखी गावे या योजनेसाठी निवडली त्यांत नवेगावबांधचेही नाव आले, ही योग्य गोष्ट झाली.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही वस्तुतः येथे उभे आहोत ती सांगतो.

गेल्या पावसाळ्यापूर्वी आपल्या समाजातील एका जुन्या घराने वाडा पाडून स्लॅबचे घर बांधावयास काढले. वाड्याच्या माळ्यावर दोन लाकडी पेट्या होत्या. आत लाल फडक्यात बांधलेले कागद होते. मोडीत लिहिलेले म्हणून कोणासही वाचता येत नव्हते. घरातील तरुण मंडळींनी त्या पेट्या रद्दीवाल्यास दिल्या. लाकूड निराळे, कागद निराळा. कागदाचे वजन चौतीस किलो भरले. आमच्या कानी ही वार्ता बारा दिवसांनी आली. आम्ही रद्दीवाल्याकडे गेलो तेव्हा गठ्ठे गिरणीकडे रवाना झाले होते. फळीखाली पडलेला एक कागद तेवढा मिळाला. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून तो वाचून घेतला. त्यात तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या. कोणाच्या बांध्यांस कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, पाणकराची मजुरी धानात किती, आणि पाळी चुकविणाऱ्यास दंड काय. खाली अकरा नावे होती. त्यांत चार आडनावे अशी की, त्या घरांतील माणसे आज या मंडपात बसलेली आहेत. आपल्या पूर्वजांनी एक तलाव भांडण न होता वाटून घेतला त्याचा तो करार होता. चौतीस किलोंपैकी एक कागद! बाकीच्यांत काय होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

आम्ही त्या घरास दोष देत नाही. मोडी शाळांतून जाऊन सत्तर वर्षे होत आली. जे वाचता येत नाही ते कोण जपेल? परंतु यावर उपाय आहे. शासनाच्या पुरालेख खात्याची नागपुरास शाखा आहे, मोडीचे वर्ग भरतात, आणि आपल्या जिल्ह्यातही मोडी वाचू शकणारी माणसे आहेत. हस्तलिखितांची नोंद घेण्यासाठी केंद्र शासनाने २००३ साली राष्ट्रीय अभियान सुरू केले. कागद कोणास देऊन टाकण्याचीही आवश्यकता नाही. तो आपल्या घरीच ठेवून त्याचे छायाचित्र घेता येते. प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहेच.

तोवर काळजी कशी घ्यावी, तेही सांगतो. कागद उन्हात वाळवू नयेत, सावलीत वारा द्यावा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कदापि लावू नये. दहा वर्षांत ती पिवळी पडून अक्षर घेऊन जाते. प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नये, दमट होऊन कागदास बुरशी येते. धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधून, खाली-वर पुठ्ठा ठेवून, जमिनीपासून उंच ठेवावे. पोथी जेवढी हाताळावी तेवढी हात धुऊन व तेल न लावता. आणि दंडारीच्या वह्या, रोवणीच्या गाण्यांच्या वह्या, आजोबांचे हिशेबाचे खतावणीपुस्तक, यांस कागदच समजावे. मोडीत नाही म्हणून ते कमी मोलाचे नव्हे.

मंडळाने आमची एक विनंती मान्य केली आहे. भोजनमंडपाच्या प्रवेशद्वाराजवळील टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. निळ्या वहीत ज्यांच्या घरी जुने कागद अथवा पोथ्या असतील त्यांनी आपले नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा. मोडी वाचणाऱ्या त्या गृहस्थांस घेऊन आम्ही दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत, घरोघर येऊ. लाल वहीत शब्द लिहावयाचे आहेत. शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या कामात वापरला जातो, आणि तो कोणाकडून ऐकला. शुद्धलेखनाची चिंता करू नये. जसा उच्चार तसा लिहावा, 'ळ' आला तर 'ळ', 'र' आला तर 'र'. ज्या भगिनींस लिहिणे अवघड वाटत असेल त्यांच्यासाठी तेथे इयत्ता नववीतील दोन विद्यार्थिनी बसल्या आहेत. त्या लिहून घेतील. आज सकाळी मंडप उघडताच एका वृद्ध मातोश्रींनी पहिल्या पानावर सतरा शब्द लिहविले. त्यांतील पाच आम्ही या वयात प्रथमच ऐकले. वह्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत तेथेच राहतील.